उलटा सदरा

परवा नव्या कारखान्याच्या गेटवर झडती घेताना सिक्युरिटीवाल्याच्या हाताला माझ्या खिशातली कागदाची पुडी लागली. पुडीत भाकरीचा वाळलेला तुकडा होता. "साहब, ये क्या है?" त्याने विचारलं. "खाना," मी म्हणालो. त्याने तुकड्याकडे पाहिलं, माझ्या ओळखपत्रावरच्या हुद्द्याकडे पाहिलं आणि पुडी परत दिली. बिचाऱ्याला काय समजावणार? माझी गुजरातेत बदली होऊन दोन हिवाळे झाले. इथे भीमा नाही, होडी नाही, भिवामामाही नाहीत. पण खिशात खायला काही असल्याशिवाय अजून माझा पाय घराबाहेर पडत नाही.

ही सवय मामांची. मांडवगण फराट्याच्या पुढे नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. तिथे बंधाऱ्यामुळे भीमेचं पाणी पसरून राहतं. काठाला पाणकणीस, चिखल, मधेच बेटांसारखे उंचवटे. थंडी पडली की लांबलांबचे पक्षी तिथे उतरतात, आणि त्यांच्या मागोमाग गळ्यात कॅमेरे घातलेली पुण्याची माणसं. या माणसांना पत्र्याच्या होडीतून फिरवायचं काम मामा तीसेक वर्षं करत आले होते. कोणता पक्षी कुठल्या उंचवट्यावर, किती वाजता, कुणाशी भांडायला येतो, हे त्यांना शेजाऱ्यांच्या घरातल्या गोष्टींसारखं ठाऊक होतं.

मी तेव्हा रांजणगावला क्वालिटी विभागात होतो आणि शिरूरला राहत होतो. काय बिघडू शकतं ते बिघडायच्या आधी सांगायचं, हे माझं काम. आठवडाभर हेच करणाऱ्या माणसाचं डोकं सुट्टीच्या दिवशी बंद होत नाही. गॅस बंद केला का, मुलीची बस पोचली का, मागच्या टायरमध्ये हवा आहे का. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, मान हलवली आणि म्हणाले, "पक्षी वगैरे बघायला जात जा." म्हणून गेलो.

होडीत पाय टाकणार तेवढ्यात एका काटकुळ्या, काळ्याशार माणसाने हात आडवा केला. मला वाटलं, पोहता येतं का विचारणार. त्यांनी विचारलं, "खिशात खायला काय हाय?"

"काही नाही. नाश्ता करून आलोय."

"त्येचा काय उपेग? खिशात पायजे." त्यांनी मुंडाशाच्या घडीतून भाकरीचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. "खायचा न्हाई. निसता ठिवायचा. भुकंच्या गवतावर पाय पडला तरच खायचा."

मला हे कुठलं तरी इथलंच खूळ वाटलं. ते निघालं आयर्लंडचं.

त्याचं असं झालं होतं. मामा तरुणपणी दौंड स्टेशनवर हमाली करत. तिथे एका हिवाळ्यात नोराबाई उतरली. आयर्लंडची, पन्नाशीची, एकटी. तिला भीमेवरचे पक्षी मोजायचे होते. मामांनी तिचं सामान उचललं ते खोलीपर्यंत, आणि नंतर होडीपर्यंत. सलग नऊ हिवाळे ती आली. मामा वल्हवायचे, ती मोजायची, आणि पक्षी येईतोवर गोष्टी सांगायची. तिचं हिंदी मोडकं, मामांचं इंग्रजी स्टेशनवर वेचलेलं. मधे जे सांडायचं ते मामा आपल्या पदरचं घालून भरायचे. दहाव्या हिवाळ्यात बाई आली नाही. गोष्टी मात्र भीमेवरच राहिल्या. आयर्लंड हा शब्द मामा वापरत नसत. ते म्हणायचे, "बाईच्या गावाला." ऐकणाऱ्याला वाटावं, शेजारच्या खुटबावच्या पलीकडे कुठेतरी असेल.

कुणी हौशीने "म्हणजे पऱ्यांच्या गोष्टी का?" असं विचारलं की मामांचा चेहरा उतरायचा. "परी म्हनू नगा. पंखबिंख नसत्यात त्यास्नी. मानसावानीच असत्यात, आपल्याच वावरात ऱ्हात्यात. त्यांचं नाव घ्यायचं न्हाई. चांगली मानसं म्हनायचं."

"चांगली असतात का?"

"न्हाईत. म्हनून तर म्हनायचं. आपुन सापाला जनावर म्हंतो का न्हाई?"

या चांगल्या माणसांपायी मामांनी स्वतःला पुष्कळ नियम लावून घेतले होते. पक्षी दाखवायचा तो हनुवटीने, बोट करून नाही, कारण पलीकडे कोण उभं असेल सांगता येत नाही. करदोट्याला बैलाच्या नालेचा तुकडा बांधलेला, कारण त्यांना लोखंड सोसत नाही. "आपल्याकडं बाळंतिणीच्या उशाला इळा ठिवत्यात, तसंच. तिथं बी तेच, हितं बी तेच," ते म्हणायचे. दोन देशांची ही जुळणी सापडली की त्यांना फार आनंद व्हायचा.

भुकेच्या गवताचं मात्र त्यांनी मला उशिरा सांगितलं. बाईच्या गावाला मोठा दुष्काळ पडला होता, बटाटे जमिनीतच कुजले होते. रस्त्यात माणसं भुकेने पडली, आणि ती पडली तिथे उगवलेल्या गवतावर आज पाय पडला तरी माणसाच्या पोटात खड्डा पडतो, तो जागच्या जागी बसतो. घासभर काही खाल्लं तरच उठतो. बाईने हे सांगितलं तेव्हा मामा वल्हवायचे थांबले. बहात्तरच्या दुष्काळात ते बारा वर्षांचे होते. वडलांची मेंढरं चाऱ्यावाचून गेली आणि बापलेक खडी फोडायच्या कामाला लागले. तिथे ते स्वतः एकदा असेच बसले होते, उठताच येईना. शेजारच्या बाईने कामावर वाटलेल्या सुकडीच्या पिठाची चिमूट तोंडात घातली तेव्हा उठले. "मी नोराबाईला म्हनलो, मी पाय दिलाय त्या गवतावर. तर ती रडाय लागली, साहेब. मग मी बी रडलो. त्या दिशी पक्षी मोजायचे ऱ्हायलेच." त्यानंतर मी भाकरीच्या तुकड्याला कधी हसलो नाही.

सदऱ्याची गोष्ट डिसेंबरातली. होडीत मी आणि पुण्याचा एक इंजिनिअर होतो. बघता बघता नदीवर असं धुकं उतरलं की वल्ह्याचं टोक दिसेना. इंजिनिअरने फोन काढला, त्यावर आमचा निळा ठिपका जमिनीवर दाखवत होता. मी बंधाऱ्याच्या भिंतीचा विचार करू लागलो. तिकडे वाहत गेलो तर? लाइफ जॅकेट नाहीत, पाणी बर्फासारखं, घरी सांगून आलोय दहापर्यंत येतो.

"चकवा लागला," मामा शांतपणे म्हणाले. "बाईच्या गावाला बी आस्तोय. रानातल्या एका तुकड्यावर पाय पडला की मानूस सोताच्या वावरात हिंडत ऱ्हातो, बांध घावत न्हाई. सदरं काढा आन् उलटं घाला."

"या थंडीत?"

"घाला म्हनलं ना."

मामांनी आधी स्वतःचा सदरा काढून उलटा घातला. मी स्वेटर उलटा केला, इंजिनिअरने त्याचं भारी जॅकेट. आतलं अस्तर गुलाबी निघालं. तिघं तसेच बसलो. मी मनातल्या मनात बायकोला शेवटच्या सूचना देत होतो. चार-पाच मिनिटांनी शिरूरच्या काठाकडून पंपाच्या इंजिनाचा ठकठक आवाज आला. मामांनी होडी वळवली आणि सरळ काठाला लावली.

उतरल्यावर मी विचारलं, "खरं सांगा मामा, सदऱ्याने चकवा जातो?"

"साहेब, मानूस भ्याला की हात थांबत न्हाई. निसता वल्हवत सुटतो, आन् तिथंच फशी पडतो. सदरा काढायचा म्हंजी वल्हं खाली ठिवावं लागतंय." एवढं बोलून ते चहाला गेले. मी त्या दिवशी उलट्या स्वेटरनेच शिरूरला आलो.

चहा करायच्या हौसामामी. मामा जेवढे हळू बोलत तेवढ्या मामी मोठ्याने. माहेर खुटबावचं, तोंड असं की नदीपलीकडच्या माणसाला ऐकू जावं. सगळा वेळ मामांना झाडायच्या. गाय पिळताना मामा पहिली धार चांगल्या माणसांसाठी जमिनीवर सोडायचे, त्यावरून रोज सकाळी भांडण. "बाई गेली, पर तिची भुतं हितं ठिवून गेली. आन् ह्येंनी ती पाळलीत." आम्हाला कप देताना म्हणायच्या, "घ्या. चांगल्या मानसांनी न्हाई, म्या केलाय." मामा खाली मान घालून हसायचे. चाळीस वर्षं बोलणी खाऊन हा माणूस इतका खूश कसा, हे कोडं मला माझ्या घरीसुद्धा सुटलेलं नव्हतं.

एकदा चहाच्या वेळी मामांनी माणूस बदलण्याची गोष्ट सांगितली. चांगली माणसं आपलं माणूस उचलून नेतात आणि त्याच्या जागी तसंच दुसरं ठेवून जातात. तोंड तेच, हातपाय तेच, आत मात्र कुणी वेगळंच. नेलेल्याने तिकडचा एक घास जरी खाल्ला तरी तो परत येत नाही. "मग ओळखायचं कसं?" मी विचारलं. मामा घुटमळले. जुन्या काळी लोक तापलेलं लोखंड दाखवायचे, म्हणाले, म्हणजे ठेवलेलं पळून जाईल. एका नवऱ्याने बायकोला तसंच चुलीपाशी धरलं आणि ती बिचारी खरीच बायको होती. नोराबाई ही गोष्ट अर्धीच सांगून पुन्हा पक्षी मोजायला लागायची.

मामी भाकरी थापत होत्या. "मला नेलं तर त्येंचंच नुकसान," त्या म्हणाल्या. "मी डबा घिऊन जाईन, त्येंचं खाते कशाला? आठ दिसांत दारात आनून सोडत्याल, वर साडीचोळी करून." आम्ही इतके हसलो की माझा चहा सांडला.

पुढच्या पावसाळ्यात मामींच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली. तीन आठवडे पुण्याच्या दवाखान्यात होत्या. मी दोनदा जाऊन आलो, डोळे मिटून पडलेल्या. घरी आणल्यावर दहा-अकरा दिवसांनी मामांचा फोन आला तेव्हा मी कॅन्टीनच्या रांगेत होतो.

"साहेब, घरी आलीय. पर ही आमची न्हाई."

"म्हणजे?"

"बोलतच न्हाई काय. मला पावनं म्हंती. पावनं बसा, पावनं पानी घ्या. चाळीस वर्सांत मला कवा बसा म्हनली न्हाई ती." मग म्हणाले, "मी बघतो काय करायचं त्ये."

फोन बंद झाला आणि मी ताट तिथेच ठेवून रांगेतून बाहेर पडलो. काय करायचं ते म्हणजे काय? ती चुलीची गोष्ट मला शब्द न् शब्द आठवत होती. कुणी म्हणेल, इतका शहाणा माणूस असं काही करेल का? पण चांगल्या चाललेल्या मशीनने एका दुपारी माणसाची बोटं नेलेली मी पाहिली आहेत. अर्धी रजा टाकली, शिरूरला घरी येऊन मोटारसायकल काढली. शिरूरपासून नदीपर्यंत मी देवाचं नाव घेत होतो.

अंगणात मामी बाजेवर बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, चेहरा स्वच्छ, डोळ्यांत माझी ओळख नाही. "या पावनं, बसा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. बाजूला तीन दगडांची चूल पेटली होती. तेवढ्यात मामा वाकले, चुलीतून लालभडक सळई काढली आणि बाजेकडे वळले.

मी पळत जाऊन ती सळई धरली. सरळ हाताने. "मामा, नका! खरी आहे ती! खरीच मामी आहे!" असं काहीतरी मी ओरडत होतो. सळई पडली, माझा तळहात भाजला, आणि माझ्या पायाने डांबराचा डबा लवंडला. तेव्हा कुठे मला बाजेपलीकडे उपडी घातलेली होडी दिसली. मामा तिच्या फुटक्या पत्र्याला डांबर लावून तापल्या सळईने ते भेगांत बसवत होते.

मामांनी माझा हात बादलीत बुडवला आणि धरून ठेवला. मग म्हणाले, "तुमाला वाटलं, मी तिला डाग दीन?"

मला लाज वाटली.

"खोटं कशाला बोलू," मामा बादलीत बघत म्हणाले. "पैल्या दिशी मनात आलं व्हतं. सांडशी चुलीत घातली बी व्हती. मग बाईची दुसरी गोष्ट आठवली. एकाची बायकू नेली व्हती. त्येनं रस्त्यात गाठून तिला मिठी घातली. तर ती कवा जनावर झाली, कवा इस्तू झाली, कवा भलतीच कोन झाली. त्येनं सोडली न्हाई. शेवटाला तिची ती झाली. निसतं धरून ठिवायचं, साहेब. काय बी झालं तरी सोडायचं न्हाई. म्हनून होडी नीट करतोय. पान्यावर तिला रोज नेतो, हात धरून."

माझा जीव भांड्यात पडला. पण माझा जीव तिथे फार वेळ टिकत नाही. मी विचारलं, "गोळ्या देताय ना वेळेवर?"

मामांनी माझा हात सोडला. मी घरात गेलो. खुंटीला दवाखान्याची पिशवी तशीच टांगलेली, आतल्या पाकिटांतली एकही गोळी फोडलेली नव्हती. अकरा दिवस. दवाखान्यात दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं, घरी गेल्यावर या चुकवल्या तर पुन्हा गाठ होईल आणि मग काही करता येणार नाही.

"तिथलं हाय ते," मामा दारात उभं राहून म्हणाले. "तिथनंच तर ती बदलून आली. तिथलं खात ऱ्हायली तर परत कशी यायची?"

मला संताप आला आणि रडूही आलं. डांबरापेक्षा, सळईपेक्षा ही पिशवी भयंकर होती. हा माणूस जगातल्या सगळ्यात प्रेमळ कारणासाठी बायकोला मारत होता. ओरडावंसं वाटत होतं. पण मला तो सदरा आठवला, आणि मी जरा थांबलो. कोनाड्यात नोराबाईची आठवण म्हणून ठेवलेली पत्र्याची डबी होती. मामा त्यात खिळे ठेवायचे.

"मामा, ही डबी बाई कशाला वापरायची?"

"गोळ्या. रक्तदाबाच्या. तुमच्यावानी तिला बी व्हता." मामांचं लक्ष डबीकडे गेलं. "रोज सकाळी होडीत बसली की आदी गोळी, मग च्या. एक दीस चुकली न्हाई."

"त्या कुठून आणायची?"

"दवाखान्यातनं."

"चांगल्या माणसांकडून नाही?"

मामांनी कोनाड्यातून डबी काढली. "न्हाई," ते म्हणाले. "ती त्येंचं सोडून समद्यांचं खायची."

त्यांनी खिळे जमिनीवर ओतले, धोतराच्या सोग्याने डबी आतून-बाहेरून पुसली आणि माझ्यापुढे धरली. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी मला झाडलं, मग कोणती गोळी आत्ता आणि कोणती उद्या ते सांगितलं. मामांनी भाकरीचा घास मोडला, गोळी मधे घातली. "वरनं घरचं, म्हंजी घरचंच झालं की," ते स्वतःशीच म्हणाले. मामींनी घास घेतला आणि "लई उपकार झालं, पावनं," असं म्हणाल्या. मामा उठून गायीकडे गेले.

पुढचे चार-पाच महिने मी रोज सकाळी कंपनीच्या बसमधून फोन करायचो. "दिल्या?" "दिल्या." एखाद्या दिवशी मामांनी फोन उचलला नाही की शिफ्टभर माझं कशात लक्ष लागायचं नाही. मामी चालायला लागल्या, हाताने जेवायला लागल्या. डॉक्टर म्हणायचे, एवढं आलं, पुढचं येईल किंवा येणार नाही. मामांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, "चांगल्या मानसांचं कामच हाय भुलवायचं. आपलं काम धरायचं." पण त्यांचा आवाज थकलेला असायचा. मामींचं "पावनं" काही सुटलं नव्हतं.

जानेवारीत बदलीची ऑर्डर आली. निरोप घ्यायला गेलो तर घर बंद. काठावर आलो. नदीवर त्या दिवसासारखंच धुकं होतं. त्यात मधेच जरा उजळलं आणि होडी दिसली, काठापासून फार लांब नाही. दोघं समोरासमोर बसले होते. मामांचा सदरा उलटा होता, शिवणी बाहेर. मामींच्या अंगात लोकरीचा स्वेटर, तोही उलटा. मामांनी डाव्या हाताने मामींचं मनगट धरलं होतं आणि उजव्या हाताने एकच वल्हं मारत होते. दुसरं वल्हं होडीत पडून होतं. त्यामुळे होडी पुढे सरकतच नव्हती, जागच्या जागी गोल फिरत होती. मला पुन्हा काळजी लागली. असे किती वेळ फिरत असतील हे दोघं? हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं.

तेवढ्यात धुक्यातून तो आवाज आला. सहा महिने न ऐकलेला, पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असा.

"अवो पावनं, दोन हात दिल्यात ना देवानं? मग एकाच हातानं काय वल्हवताय? सकाळधरनं गरागरा फिरवाय लागलाय निसतं!"

मी हाक मारली नाही. मामांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते, हसत होते की रडत होते ते मला इतक्या लांबून कळलं नाही. मामी बोलतच होत्या. त्यांनी दुसऱ्या वल्ह्याकडे दोनदा हनुवटी केली, तरी मामांनी त्यांचं मनगट सोडलं नाही. होडीने आणखी एक गोल फेरी घेतली.